एकवीस दिवस बट्टी बंद

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, झोके सुटले आणि तिसऱ्या दिवशी भाचा दुकानात हजर. काउंटरवर मोबाइल ठेवून म्हणाला, "मामा, हाई सम्द भेटी का आठे?" म्हणजे, हे सगळं इथे मिळेल का?

अमळनेरला माझं मेडिकल आहे. मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेला एक तक्ता होता. सकाळी अंड्यांचा पांढरा भाग, दुपारी उकडलेलं चिकन, रात्री पाण्यात घोळलेली प्रोटीन पावडर. पोळी, भाकरी, भात, बटाटा, साखर, केळी सगळं बंद. तळाशी लाल अक्षरांत, '२१ दिवसांत १० किलो'. मे अखेरीला चुलतभावाचं लग्न, ब्लेझर शिवायला टाकलेला, वजन ९४ किलो आणि उंची पाच फूट आठ इंच.

असले तक्ते दर लग्नसराईला फिरतात आणि बहुतेक चुलीत घालण्याच्या लायकीचे असतात. हा मात्र तसा नव्हता. त्याच्यामागे खरं शास्त्र होतं, फक्त कुणीतरी ते अर्धंच उतरवून घेतलं होतं. राहिलेल्या अर्ध्यातच सगळी गोम आहे.

दिवसाला ८०० कॅलरींच्या आत जेवायचं, आणि त्या कॅलरींतल्या शक्य तितक्या प्रोटीनमधून घ्यायच्या, ही या आहाराची पद्धत. साध्या चालत्या-फिरत्या पुरुषाला दिवसाला दोन-अडीच हजार कॅलरी लागतात. म्हणजे हा तिसरा हिस्साच झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत बोस्टनला जॉर्ज ब्लॅकबर्न आणि ब्रूस बिस्ट्रियन या डॉक्टरांनी अतिलठ्ठ रुग्णांसाठी ही पद्धत बसवली. रुग्णाला नुसतं उपाशी ठेवलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, हे त्यांना टाळायचं होतं.

स्नायू का झिजतात, ते आधी बघू. आपल्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतात साठवलेली साखर असते जेमतेम १०० ग्रॅम. उपवासाच्या पहिल्या दिवस-दीड दिवसात ती संपते. चरबी ढिगाने पडलेली असते, पण चरबीपासून शरीराला ग्लुकोज फारच थोडं बनवता येतं. प्रोटीनपासून मात्र बनतं, आणि प्रोटीनचा साठा म्हणजे आपले दंड, मांड्या, पाठ. चुलीला सरपण कमी पडलं म्हणून घराचे वासे मोडून जाळावेत, तसा हा प्रकार. ताटातून भरपूर प्रोटीन दिलं की शरीर ते वापरतं आणि वासे बऱ्यापैकी वाचतात. तीन-चार दिवसांनी यकृत चरबीपासून कीटोन बनवायला लागतं, मेंदू ग्लुकोजऐवजी त्यांच्यावरही काम भागवतो, आणि मग वासे मोडायची गरज आणखी घटते.

कीटोन बनायला लागल्याची खूण तोंडाच्या वासात असते. केळी पिकवायच्या खोलीचं दार उघडल्यावर येतो तसा गोडसर, आंबूस. भाच्याच्या तोंडाला चौथ्या दिवशी तो यायला लागला. बहिणीचा फोन आला, "भाऊ, हाऊ पोऱ्या काहीच खास नई (खात नाही), आणि तोंडाचा वास बघ कसा येस!"

डाळीचा हिशेब

प्रोटीन घ्यायचं किती? शरीराच्या योग्य वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम. योग्य वजन म्हणजे उंचीला शोभेल ते, आजचं नव्हे. भाच्याच्या उंचीला ६७ किलो धरलं तर ८० ते १०० ग्रॅम. आपण ९० धरू.

आता आपल्याकडचा माणूस म्हणतो, त्यात काय, डाळ खाऊ. नवापूरची तूरडाळ आहे, उडीद-मूग घरचे आहेत. गणित मांडून बघा. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२ ग्रॅम प्रोटीन आणि ३४० कॅलरी. ९० ग्रॅम प्रोटीनसाठी चारशे ग्रॅमच्या वर कोरडी डाळ शिजवावी लागेल. तेवढं वरण एका माणसाला दिवसात संपणार नाही, आणि संपलं तरी १४०० कॅलरी पोटात गेल्या. शेंगदाणे घेतले तर ३६० ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरी. पनीर अर्धा किलो, तेराशेच्या वर. अख्खी अंडी पंधरा, साधारण अकराशे. ज्याला आपण वर्षानुवर्षं 'प्रोटीनचं खाणं' म्हणत आलो, त्यातलं बहुतेक सगळं या हिशेबात नापास होतं. डाळ वाईट आहे असं नाही. ती प्रोटीनबरोबर पिष्ट घेऊन येते, शेंगदाणा तेल घेऊन येतो, आणि आपल्याला इथे सोबत कुणीच नको आहे.

पास होणारे मोजकेच. चिकनचा छातीचा भाग चारशे ग्रॅमच्या आसपास घेतला तर पाचशे कॅलरींच्या आत काम होतं. अंड्यांचे नुसते पांढरे पंचवीस, सव्वाचारशे कॅलरी, पण पंचवीस पांढरे रोज खाऊन दाखवा. मासे चालतात, रश्श्यात तेल नसेल तर. शाकाहारी माणसाला सोयाच्या वड्या, साय काढलेल्या दुधाचं घरी केलेलं पनीर आणि व्हे पावडर (दूध फाटल्यावरच्या पाण्यातलं प्रोटीन). सोयाच्या १७५ ग्रॅम कोरड्या वड्यांत सहाशे कॅलरींत काम होतं, पण तेवढ्या रोज खाल्ल्या तर पोट फुगून ढोल होतं.

भाच्याला मी ताट असं बसवून दिलं: सकाळी सहा पांढरे आणि एक अख्खं अंडं. दुपारी दीडशे ग्रॅम कच्चं वजन केलेलं चिकन आणि भरपूर भरीत. संध्याकाळी पाण्यात एक चमचा पावडर, डब्यातल्या त्या मोठ्या चमच्याने. रात्री पालक किंवा मेथी आणि पातळ ताक. बेरीज सातशेच्या जराशी वर, प्रोटीन नव्वद ओलांडून.

भरताविषयी थोडं सांगतो, कारण इथे खान्देशी माणसाचं नशीब उजवं आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं पाव किलो वांगं म्हणजे साठ-पासष्ट कॅलरी. पोट भरतं, तोंडाला चव येते, चोथा मिळतो. पण आपलं खरं भरीत म्हणजे ठेचलेल्या वांग्यावर तेल सुटलेलं दिसलंच पाहिजे, वर शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि बाजूला पुरी. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि बहिणीचा हात तेलाच्या बाबतीत सढळ. मी तिच्यासमोर छोट्या चमच्याने तेल मोजून घातलं तेव्हा ती पाहुण्याकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात हवी तेवढी घाल म्हणालो. तेवढ्यावर तडजोड झाली.

काट्यावर उतरलेलं सगळं चरबी नसते

पहिल्या आठवड्यात भाचा चार किलो उतरला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मला त्याचा उत्साह घालवायचा नव्हता, पण हिशेब सांगणं भाग होतं.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. त्याचा रोजचा खर्च २४०० धरला आणि तो साडेसातशे खातोय असं धरलं, तर रोजची तूट साडेसोळाशे. सात दिवसांची झाली साडेअकरा हजार, म्हणजे दीड किलो चरबी. मग बाकीचे अडीच किलो कुठे गेले? स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, सगळी मिळून सुमारे अर्धा किलो, स्वतःच्या तिप्पट पाणी धरून बसलेली असते. ती संपली की पाणीही निघून जातं. आतड्यांत अन्न कमी असतं, मीठही कमी होतं. हे वजन भाकरी सुरू झाल्यावर दोन दिवसांत परत येतं, आणि आलं म्हणून घाबरायचं कारण नसतं. एकवीस दिवसांची चरबीची बेरीज फार तर साडेचार किलो. तक्त्यावरचे दहा किलो गणितातच बसत नाहीत.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. साडेचार किलो चरबी तीन आठवड्यांत जाणं हे लहान काम नाही. आणि 'हळूहळू घटवलेलं टिकतं, झटपट घटवलेलं लगेच परत येतं' हा सगळ्यांच्या तोंडी असलेला नियम तपासल्यावर तितका पक्का ठरला नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला दोनशे लोकांवर एक प्रयोग झाला, २०१४ साली त्याचे निकाल आले. निम्म्यांनी १२ आठवड्यांत भराभर वजन घटवलं, निम्म्यांनी ३६ आठवड्यांत सावकाश. ठरवलेलं वजन गाठणारे झटपटवाल्यांत ८१ टक्के होते, सावकाशवाल्यांत ५० टक्के. पुढच्या तीन वर्षांत दोन्ही गटांचं घटलेलं वजन जवळजवळ सारखंच, सत्तर टक्क्यांच्या आसपास, परत आलं. त्यामुळे वेगाला फार दोष देण्यात अर्थ नाही. खरी फजिती नंतर होते.

झटपट पद्धतीचं आणखी एक बरं म्हणजे भूक. पहिले तीन दिवस डोकं दुखतं, माणूस चिडचिडा होतो. मग प्रोटीनमुळे आणि कीटोनमुळे भूक बरीच शांत होते. एकादशी अन् दुप्पट खाशी या आपल्या उपवासात साबुदाण्याची साखर चढते-उतरते आणि दर दोन तासांनी पोट हाका मारतं, तसं इथे होत नाही. मन मात्र शांत होत नाही. भाचा रात्री अकराला गादीवर पडून कळण्याच्या भाकरीचे आणि शेवभाजीचे व्हिडिओ बघत बसायचा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तेव्हा त्यांच्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले होते. त्या वेळी व्हिडिओ नव्हते, एवढाच फरक.

मिठाचा घोळ

अकराव्या दिवशी भाचा फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होता. दुपारचे दोन, मे महिना, आपल्याकडचं ऊन म्हणजे ४४ अंश. बाकावरून उठला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या रसवंतीवाल्याने धरलं म्हणून डोकं फुटलं नाही.

दुकानात आणल्यावर बीपी बघितलं तर ९०-६०. मी विचारलं, मीठ खातोस ना? तो म्हणाला, नाही, वजन कमी करायचं म्हणजे मीठ बंद. त्याची मायही बिनमिठाचं भरीत करत होती. मी ताट बसवून दिलं, तेल मोजून घातलं, आणि मिठाचं विचारायचंच राहून गेलं. तक्ता अर्धा होता असं मी वर म्हटलं, तसा मीही अर्धाच सांगून मोकळा झालो होतो.

भाकरी-भात बंद झाला की रक्तातलं इन्सुलिन उतरतं. इन्सुलिनचं एक काम मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला सांगण्याचं आहे. ते उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि त्याच्याबरोबर पाणी सोडायला लागतात. वर घाम. म्हणजे या आहारात मीठ नेहमीपेक्षा जास्त लागतं, आणि लोक नेमकं तेच बंद करतात. चक्कर, पायात गोळे, धडधड, रात्रीची डोकेदुखी, यातलं बरंचसं 'अशक्तपणा' नसतं, ते मीठ-पाणी असतं. त्याला ताकात चिमूटभर नव्हे तर नीट मीठ घालून दिलं, दोन दिवसांत सुधारला. ज्यांना बीपीचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र हे ऐकून मीठ वाढवू नये. त्यांनी मुळात हा आहार डॉक्टरला विचारल्याशिवाय धरूच नये.

मिठाच्या पाठोपाठ पोटॅशियम येतं. इथे आपली गंमत बघा. देशभर ज्यांची केळी जातात त्या रावेर-यावलच्या पट्ट्यातला माणूस पोटॅशियम कमी पडून आजारी पडू शकतो, कारण केळीतल्या पिष्टामुळे या आहारात केळं वर्ज्य. मग ते पालेभाजीतून घ्यायचं. पालकात वजनाला वजन केळीपेक्षा पोटॅशियम जास्तच असतं. गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नका. पोटॅशियम कमी झालं तरी हृदयाचा ठेका चुकतो आणि जास्त झालं तरी चुकतो. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन चालू असेल तर ते आधीच पोटॅशियम धरून ठेवतं. 'लो सोडियम मीठ' म्हणून जे विकलं जातं त्यातही पोटॅशियमच असतं.

हृदयाचा विषय निघालाच तर १९७७ ची गोष्ट सांगतो. अमेरिकेत तेव्हा बाटलीतलं द्रवरूप प्रोटीन घेऊन वजन घटवायची लाट आली होती. तीन-चारशे कॅलरी, दुसरं काही खायचं नाही, महिनोन्‌महिने. ते प्रोटीन जनावरांच्या कातड्या आणि स्नायुबंध उकळून काढलेलं होतं, म्हणजे कोलॅजन. प्रोटीनचा जो एक घटक शरीराला बाहेरूनच घ्यावा लागतो, ते ट्रिप्टोफॅन त्यात नावालाही नसतं. त्या लाटेत पन्नासहून जास्त माणसं गेली, बरीचशी तरुण बायका, आणि अनेकांचं हृदय ठेका चुकून अचानक थांबलं. ब्लॅकबर्न-बिस्ट्रियन यांच्या पद्धतीत आणि या बाटलीत वरवर बघता फरक काहीच नव्हता, दोन्ही 'कमी कॅलरी, जास्त प्रोटीन'. फरक होता तो प्रोटीनच्या कसात, क्षारांत आणि दर आठवड्याला रक्त तपासण्यात. केसांसाठी आणि त्वचेसाठी म्हणून कोलॅजनची पावडर मीही विकतो. ती जेवणाच्या जागी घेऊ नका, एवढं गिऱ्हाइकाला सांगतो.

भाच्याचं बघून माझे एक जुने गिऱ्हाईक, साठी ओलांडलेले काका, म्हणाले, "माले बी दे तो कागद." त्यांना मी चक्क नाही म्हटलं. ते साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन काढायला लावते. भाकरी अचानक बंद केली आणि गोळी चालू ठेवली तर रात्री झोपेत साखर चाळीसवर येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्याच दुसऱ्या गोळ्यांचा धोका वेगळाच. त्यांच्यासोबत हा आहार घेतला तर साखर मशीनवर जवळपास ठीक दिसते आणि रक्तात कीटोनचं आम्ल साचत जातं. उलट्या, धाप, आणि माणूस आयसीयूत. इन्सुलिनवाल्यांचं तर बोलायलाच नको.

आणि गंमत अशी की सर्वांत जास्त फायदा मधुमेहवाल्यांनाच होऊ शकतो. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी केलेल्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त काळ न झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने रोज सव्वाआठशे-साडेआठशे कॅलरींचे फक्त सूप आणि शेक दिले. (ते भाच्याच्या ताटाइतके प्रोटीनवाले नव्हते.) वर्षाने ४६ टक्के लोकांची साखर गोळीशिवाय ताब्यात होती, दोन वर्षांनी ३६ टक्के. पण तिथे साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. काकांना म्हटलं, हे सगळं घेऊन तुमच्या डॉक्टरकडे जा, गोळ्या कशा कमी करायच्या ते त्यांनाच ठरवू दे. ते गेले की नाही, देव जाणे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालची पोरं, मूत्रपिंडाचा आजार, नुकताच येऊन गेलेला हार्ट अटॅक, यांना हा आहार साफ बंद. खाण्याशी ज्यांचं भांडण आहे, उपाशी राहणं आणि मग तुटून पडणं असं ज्यांचं चालतं, त्यांनाही. ज्यांना पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात युरिक अ‍ॅसिडची कळ येते त्यांना कीटोनमुळे ती पुन्हा उठू शकते. पित्ताचे खडे हा आणखी एक धोका. ताटात चरबी अजिबात नसली की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून राहतं आणि खडे बनतात. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरत राहिलं की हा धोका वाढतो. म्हणून भाच्याच्या ताटात ते एक अख्खं अंडं आणि मोजलेलं तेल होतं.

केसांचं बायकांनी आधी ऐकून ठेवावं. ते आहार चालू असताना गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. मे महिन्यात डाएट केलेल्या मुली ऑगस्टमध्ये कागदाच्या पुडीत केस घेऊन दुकानात येतात, आणि दोन्हीचा संबंध त्यांच्या डोक्यातही नसतो. बहुतेकांचे परत येतात. पाळी पुढे-मागे होते, तीही बहुधा मार्गी लागते.

एकविसाव्या दिवशी भाचा ८७ किलो ५०० ग्रॅम. ब्लेझर बसला, किंबहुना सैल झाला. त्याला मी सांगितलं होतं की पुढचे तीन-चार आठवडे एकेक पायरीने परत ये. आधी दुपारी अर्धी भाकरी, आठवड्याने एक, प्रोटीन तेवढंच ठेव, आणि संध्याकाळी चालायचं सोडू नकोस. त्याने मान डोलावली. हळदीच्या दुपारी वरण-बट्टीचं जेवण होतं. तुपात बुडवलेल्या बट्ट्या, वांग्याची घोटलेली भाजी, वाढणारे सगळे घरचेच. सहाव्या बट्टीनंतर मी मोजायचं सोडलं. चार दिवसांत दोन किलो परत आले, त्यातलं बहुतेक पाणी. पुढचे आले ते पाणी नव्हते.

श्रावणात कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जेवणासाठी, बहिणीकडे गेलो तेव्हा तो ९१ वर होता. सुरुवातीपेक्षा तीन किलो कमी, हेही काही वाईट नाही. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मामा, परत करू का?" मी म्हटलं, आधी मूत्रपिंड, युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम तपासून ये, मग बोलू. माजघरातून त्याची माय ऐकत होती. म्हणाली, "पहिले रोट सरू दे."